टी. नगरच्या वेशीवरचे पेटंट कार्यालय : दक्षिणेतील संशोधकांना काय मिळाले?

चेन्नईतील टी. नगर हा भाग रेशमी साड्या आणि सोन्याचे दागिने यांच्या बाजारपेठेसाठी देशभर ओळखला जातो. जस्टिस पक्षाचे नेते पिट्टी त्यागराय चेट्टी यांच्या नावाने १९२० च्या दशकात वसवण्यात आलेल्या या वसाहतीत, पानगल पार्क ते रंगनाथन स्ट्रीट या टापूत, सणासुदीला पाऊल ठेवायला जागा नसते. याच बाजारपेठेच्या पूर्वेला अण्णा सालै हा मोठा रस्ता लागतो. तेथे तेनामपेट हद्दीतील ‘गुणा कॉम्प्लेक्स’ या व्यापारी इमारतीत काही वर्षे भारतीय पेटंट कार्यालयाची चेन्नई शाखा होती. २००३ मध्ये स्थापन झालेल्या बौद्धिक संपदा अपीलीय मंडळाचे मुख्यालयही त्याच संकुलात होते. साडीच्या खरेदीला आलेल्या ग्राहकाला या पाट्यांचे काही वाटले नसेल. परंतु या दोन कार्यालयांनी दिलेल्या निर्णयांचे पडसाद मुंबईच्या रुग्णालयांपासून पुण्याच्या मोटारसायकल कारखान्यापर्यंत आणि स्वित्झर्लंडमधील औषध कंपनीपर्यंत उमटले.

आज पेटंट कार्यालय गिंडी येथील स्वतःच्या इमारतीत आहे आणि अपीलीय मंडळ २०२१ मध्ये रद्द करण्यात आले आहे. शहरात पेटंट कार्यालय असल्याने त्या शहरातील संशोधन वाढते का, हा प्रश्न मात्र अजूनही विचारला जातो. अनेक राज्यांतून ‘आमच्याकडेही शाखा द्या’ अशी मागणी अधूनमधून होत असते. चेन्नईच्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करता येतो.

भारतात पेटंटसदृश हक्क देणारा पहिला कायदा १८५६ मध्ये झाला. त्याखाली पहिला अर्ज कोलकात्यातील अभियंता जॉर्ज आल्फ्रेड डिपेनिंग यांनी केला होता आणि तो पंखा ओढण्याच्या सुधारित यंत्रासाठी होता. तेव्हापासून पेटंटचा कारभार कोलकात्याशी जोडला गेला आणि कार्यालयाचे मुख्यालय आजही तेथेच आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने मुख्य कार्यालयाबरोबर शाखा उघडण्याची तरतूद केली. त्यानुसार मुंबई, दिल्ली आणि चेन्नई येथील शाखा कार्यरत आहेत. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही राज्ये मुंबईच्या कक्षेत येतात. तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश, तेलंगणा, पुदुच्चेरी आणि लक्षद्वीप चेन्नईच्या.

अर्ज कोठे करावयाचा हे अर्जदाराचे निवासस्थान, व्यवसायाचे ठिकाण किंवा शोध जेथे लागला ते ठिकाण यांवरून ठरते. परदेशी अर्जदाराचा भारतात व्यवसाय नसेल, तर पत्रव्यवहारासाठी त्याने दिलेला भारतातील पत्ता ग्राह्य धरला जातो. एकदा ठरलेले कार्यालय सामान्यतः बदलता येत नाही. जुन्या अर्जांच्या क्रमांकात चेन्नईसाठी मद्रास या नावाची ‘एमएएस’ ही अक्षरे असत. २०१६ पासून क्रमांकाची पद्धत बदलली आणि वर्षानंतरच्या पाचव्या अंकावरून कार्यालय ओळखता येऊ लागले. १ म्हणजे दिल्ली, २ मुंबई, ३ कोलकाता आणि ४ चेन्नई. कोणी पेटंटचा अर्ज दाखल झाल्याचे सांगत असेल, तर त्या क्रमांकावरून एवढी माहिती वाचकालाही काढता येईल.

कागदाच्या काळात शाखेचे महत्त्व प्रत्यक्ष अंतराचे होते. पेटंटमध्ये तारखेला निर्णायक मोल आहे. एकाच शोधावर दोघांनी दावा केला, तर ज्याचा अर्ज आधी दाखल झाला त्याची बाजू बळकट होते. अर्जानंतर परीक्षक आक्षेपांचा अहवाल पाठवतो, त्यास ठरावीक मुदतीत उत्तर द्यावे लागते आणि आवश्यकता भासल्यास नियंत्रकापुढे सुनावणी होते. कोइम्बतूरच्या पंप कारखानदाराला या सुनावणीसाठी कोलकात्यास जाणे आणि रात्रीच्या गाडीने चेन्नई गाठणे यांत मोठा फरक होता. अर्जाचा मसुदा लिहिणारे जाणकार, ज्यांना पेटंट एजंट म्हटले जाते, तेही कार्यालयाच्या आसपासच आपले बस्तान बसवतात. शोध कितीही चांगला असला तरी ‘दावे’ म्हणजेच हक्काची नेमकी व्याप्ती सांगणारी वाक्ये नीट लिहिली गेली नाहीत, तर हाती आलेल्या पेटंटचा उपयोग होत नाही. हे लेखन शिकवणारी माणसे शहरात असणे, हा शाखेचा कदाचित सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी चर्चिला गेलेला लाभ आहे.

चेन्नई कार्यालयाचे नाव जगभर गेले ते मात्र एक पेटंट नाकारल्यामुळे.

स्विस कंपनी नोव्हार्टिसने जुलै १९९८ मध्ये रक्ताच्या कर्करोगावरील ‘ग्लिवेक’ या औषधातील इमॅटिनिब मेसिलेटच्या विशिष्ट स्फटिकरूपासाठी चेन्नईत अर्ज केला. त्या वेळी भारतात औषधाच्या उत्पादनावर पेटंट देण्याची तरतूद नव्हती. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार असे अर्ज स्वीकारून बाजूला ठेवले जात आणि २००५ मध्ये कायदा बदलल्यावर ते तपासणीसाठी उघडण्यात आले. दरम्यानच्या काळात कंपनीला विक्रीचा एकाधिकार मिळाला होता आणि त्या बळावर तिने काही भारतीय उत्पादकांविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयातून मनाई हुकूमही मिळवला होता. ग्लिवेकचा खर्च रुग्णाला महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये येई. भारतीय कंपन्यांचे तेच औषध सुमारे ८ ते १० हजारांत मिळत असे. पेटंट मिळाल्यास हे स्वस्त औषध बंद होणार होते. अर्जाला विरोध करणाऱ्यांत नॅटको, सिप्ला आदी कंपन्यांबरोबर कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही मुंबईची रुग्णसेवी संस्था होती, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे.

२००५ च्या दुरुस्तीने कायद्याच्या तिसऱ्या कलमातील ‘ड’ हे उपकलम बदलण्यात आले होते. ज्ञात पदार्थाचे नवे रूप शोधले, परंतु त्यामुळे गुणकारीपणात ठोस वाढ सिद्ध झाली नाही, तर तो पेटंटयोग्य शोध ठरत नाही, असा त्याचा आशय आहे. जुन्याच औषधात किरकोळ फेरफार करून एकाधिकाराची मुदत लांबवण्याच्या प्रथेला आळा घालण्यासाठी ही तरतूद करण्यात आली. जानेवारी २००६ मध्ये चेन्नई कार्यालयातील सहायक नियंत्रकांनी अन्य कारणांबरोबर याच कलमाचा आधार घेऊन अर्ज फेटाळला. कंपनीने कलमाच्या घटनात्मक वैधतेलाच आव्हान दिले. ते मद्रास उच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २००७ रोजी फेटाळले. निर्णयाविरुद्धचे अपील अपीलीय मंडळाकडे गेले. तेथे मंडळाच्या तांत्रिक सदस्यपदावर माजी महानियंत्रक असल्याबद्दल कंपनीने आक्षेप घेतला आणि हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर जून २००९ मध्ये मंडळाने शोधाचे नावीन्य मान्य केले, पण ३-ड कलमामुळे पेटंट देता येत नाही असा निर्णय दिला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने त्यावर अंतिम शिक्कामोर्तब केले.

एका शाखा कार्यालयातील सहायक नियंत्रकाने दिलेला आदेश सात वर्षे टिकला, याचा अर्थ काय? परदेशी औद्योगिक संघटनांनी या निर्णयाचे वर्णन संशोधनास मारक असे केले. रुग्णसंघटनांनी त्याचे स्वागत केले. वस्तुस्थिती अशी की या प्रक्रियेत कर्करोगाच्या रुग्णांची बाजू भारतात, भारतीय खर्चात, तपशिलाने मांडता आली. परीक्षण गंभीरपणे करणारे कार्यालय, पूर्वविरोधाची तरतूद आणि अपिलाची जागा या तीन गोष्टी जवळ नसत्या, तर हे शक्य झाले नसते.

मुंबई कार्यालयाच्या एका ऐतिहासिक आदेशावरही मोहोर उमटली ती चेन्नईतच. मार्च २०१२ मध्ये मुंबईतील नियंत्रकांनी बायर कंपनीच्या ‘नेक्साव्हार’ या औषधासाठी नॅटको कंपनीला देशातील पहिला सक्तीचा परवाना दिला. महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांचे औषध ८,८८० रुपयांना विकण्याची अट त्यात होती. अपीलीय मंडळाने मार्च २०१३ मध्ये हा परवाना कायम ठेवला. मूळ कंपनीला द्यावयाचे स्वामित्वशुल्क तेवढे ६ टक्क्यांवरून ७ टक्के केले.

महाराष्ट्रातील वाचकांना अधिक जवळचा वाटेल असा दुसरा वाद मोटारसायकलच्या इंजिनाचा आहे. पुण्याच्या बजाज ऑटोने जुलै २००२ मध्ये लहान व्यासाच्या चार-फेरी इंजिनात दोन ठिणगी-प्लग वापरण्याच्या तंत्रासाठी अर्ज केला. ‘डीटीएस-आय’ या नावाने पल्सर गाडीमुळे घरोघरी पोहोचलेले ते हेच तंत्र. जुलै २००५ मध्ये कंपनीला १९५९०४ क्रमांकाचे पेटंट मिळाले. चेन्नईत मुख्यालय आणि होसूर येथे कारखाना असलेल्या टीव्हीएस मोटर कंपनीने २००७ मध्ये ‘फ्लेम’ ही १२५ सीसी गाडी आणली. तिच्या इंजिनात तीन झडपा आणि दोन प्लग होते. टीव्हीएसने हे पेटंटच रद्द करावे म्हणून अपीलीय मंडळाकडे धाव घेतली, तर बजाजने मद्रास उच्च न्यायालयात दावा दाखल केला.

फेब्रुवारी २००८ मध्ये एकसदस्यीय पीठाने टीव्हीएसला मनाई केली. कंपनीला एकाच प्लगची फ्लेम बाजारात आणावी लागली. दोन प्लगची कल्पना होंडाच्या जुन्या अमेरिकी पेटंटमध्ये आधीच आहे, असा टीव्हीएसचा युक्तिवाद होता. लहान इंजिनासाठी ती यशस्वी करून दाखवणे हाच आमचा शोध, असे बजाजचे म्हणणे होते. मे २००९ मध्ये खंडपीठाने मनाई उठवली. १६ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला विक्रीची मुभा देऊन हिशेब काटेकोर ठेवण्यास सांगितले आणि बौद्धिक संपदेचे दावे वर्षानुवर्षे अंतरिम अर्जांतच अडकून पडतात याबद्दल नापसंती व्यक्त केली. अशा दाव्यांची सुनावणी रोजच्या रोज घेऊन ते लवकर निकाली काढावेत, असे निर्देशही दिले. एवढे होऊनही प्रकरण चालूच राहिले आणि २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसात समेट केला. तोवर पेटंटच्या वीस वर्षांपैकी सतरा वर्षे उलटून गेली होती.

या वादाचा एक परिणाम दीर्घकाळ टिकला. दोन भारतीय वाहन कंपन्या परदेशी तंत्रज्ञानाच्या परवान्यावरून नव्हे, तर स्वतःच्या अभियंत्यांनी केलेल्या कामावरून भांडत होत्या. पेटंट म्हणजे औषध कंपन्यांचे आणि परदेशी वकिलांचे क्षेत्र, ही समजूत त्यामुळे उद्योगक्षेत्रात बरीच ढिली झाली. प्रतिस्पर्ध्याच्या अर्जांवर लक्ष ठेवणे आणि गाडीचा आराखडा अंतिम होण्याआधी पेटंटांचा शोध घेणे किती आवश्यक आहे, हे दोन्ही शहरांतील कंपन्यांना या खटल्याने महागात शिकवले.

मोठ्या कंपन्यांच्या पलीकडे काय घडले? कोइम्बतूरचे अरुणाचलम मुरुगानंतम यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. त्यांनी सॅनिटरी पॅड तयार करण्याचे स्वस्त यंत्र बनवले, त्याचे पेटंट घेतले आणि ते बड्या कंपन्यांना न विकता महिला बचत गटांना पुरवले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र त्यांच्या शोधाचे श्रेय पेटंट कार्यालयाच्या सान्निध्याला देणे अतिशयोक्तीचे होईल. यंत्र उभे राहिले ते वर्षानुवर्षांच्या खटपटीतून. कार्यालयाने त्यास कायद्याचे कवच दिले.

अलीकडच्या वर्षांत राज्यनिहाय अर्जांत तमिळनाडूने महाराष्ट्राला मागे टाकले आहे. देशपातळीवरही चित्र बदलले आहे. २०२२-२३ मध्ये देशात ८२,८११ अर्ज दाखल झाले आणि त्यांत भारतीय अर्जदारांचा वाटा निम्म्याहून अधिक होता. २०२३-२४ मध्ये अर्जांची संख्या ९२,१६८ झाली. या वाढीचे एक कारण शुल्कातील सवलत हे आहे. ऑनलाइन अर्जासाठी व्यक्तीला १,६०० रुपये, तर मोठ्या कंपनीला ८,००० रुपये पडतात. परीक्षणाच्या विनंतीसाठी हेच आकडे ४,००० आणि २०,००० आहेत. नवउद्योगांना २०१६ मध्ये आणि शैक्षणिक संस्थांना सप्टेंबर २०२१ मध्ये व्यक्तीइतकेच शुल्क लागू करण्यात आले. त्यानंतर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये आणि विद्यापीठे यांच्याकडून अर्जांचा ओघ सुरू झाला, आणि अशा संस्थांची तमिळनाडूत वाण नाही.

येथे वाचकांनी एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. ‘आमच्या प्राध्यापकांचे पेटंट प्रकाशित झाले’ अशा बातम्या वृत्तपत्रांत वारंवार दिसतात. प्रत्येक अर्ज, मागे घेतला नसेल तर, साधारणतः १८ महिन्यांनी पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात प्रकाशित होतोच. जास्त शुल्क भरल्यास तो त्याआधीही होतो. प्रकाशन म्हणजे मंजुरी नव्हे. त्यानंतर परीक्षणाची विनंती करावी लागते (२०२४ च्या नियमांनी ही मुदत ४८ महिन्यांवरून ३१ महिन्यांवर आणली आहे), आक्षेपांना उत्तरे द्यावी लागतात आणि मगच पेटंट मिळते. संस्थांच्या मूल्यांकनात पेटंटच्या आकड्यांना गुण असल्यामुळे प्रकाशनापाशीच थांबणारे अर्ज वाढतात आणि खऱ्या शोधाची फाईल त्यांच्याखाली दबून राहते. आकड्यांच्या चढाओढीत महाराष्ट्राने तमिळनाडूचे हे अनुकरण न केलेलेच बरे.

परीक्षकांच्या बाबतीत मात्र महाराष्ट्राचा वाटा पहिल्यापासून आहे. चेन्नईसह चारही कार्यालयांत नेमल्या जाणाऱ्या परीक्षकांचे प्रशिक्षण नागपूरच्या राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थेत होते.

टी. नगरच्या दुकानदारांचा थेट संबंध येतो तो पेटंटशी नव्हे, तर भौगोलिक निर्देशनाशी, म्हणजेच ‘जीआय’शी. संबंधित कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून, म्हणजे अपीलीय मंडळ ज्या दिवशी अस्तित्वात आले त्याच दिवशी, लागू झाला. या नोंदणीचे देशातील एकमेव कार्यालय चेन्नईत, पेटंट कार्यालयाच्याच गिंडी येथील वास्तूत आहे. पानगल पार्कच्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या कांचीपुरम रेशमाची नोंद २००५ मध्ये झाली. सोलापुरी चादर, पैठणी, कोकणचा हापूस आणि कोल्हापुरी चप्पल यांचे अर्जही याच कार्यालयात आले. कोल्हापुरी चपलेची नोंद २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे संयुक्तपणे झाली, कारण ती बनवणारे कारागीर कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर येथेही आहेत.

ही नोंद झाली की बनावट माल थांबेल, अशी अनेकांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात नोंदणीकृत नावाचा वापर करण्याचा हक्क मिळवण्यासाठी प्रत्येक विणकराला किंवा कारागिराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. ती न केल्यास नाव नोंदले जाते, पण त्याचा लाभ घेणारा कागदावर नसतो. शिवाय हे संरक्षण देशापुरतेच असते. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलान येथे कोल्हापुरीसारख्या चपला सादर केल्या तेव्हा महाराष्ट्रात संताप व्यक्त झाला. मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेली जनहित याचिका फेटाळली गेली; याचिकाकर्ते हक्काचे नोंदणीकृत धारक नव्हते, हे त्यामागचे कारण होते. वर्षअखेर कंपनीने दोन्ही महामंडळांशी सहकार्याचा करार केला, तो न्यायालयाबाहेर.

आता अर्ज ऑनलाइन होतात, सुनावण्या दूरदृश्य प्रणालीद्वारे घेतल्या जातात आणि चेन्नईत दाखल झालेल्या अर्जाचे परीक्षण अन्य शहरातील परीक्षकही करू शकतो. मग शाखेचा पत्ता निरर्थक झाला का? तसे झालेले नाही, आणि त्यास कारण अपीलीय मंडळाचा अंत आहे. मंडळाचे अध्यक्षपद २०१६ नंतर दीर्घकाळ रिक्त राहिले, प्रकरणे साचत गेली आणि एप्रिल २०२१ मध्ये केंद्र सरकारने अध्यादेशाद्वारे ते रद्द करून अपिले उच्च न्यायालयांकडे सोपवली. कोणत्या उच्च न्यायालयाकडे जावयाचे, हा प्रश्न लगेच उपस्थित झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये असे स्पष्ट केले की परीक्षण कोठेही झाले असले तरी अर्जाचे मूळ कार्यालय ज्या उच्च न्यायालयाच्या क्षेत्रात आहे, तेथेच अपील करावे. मद्रास उच्च न्यायालयाने बौद्धिक संपदेसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला असून त्याचे नियम २०२३ मध्ये अमलात आले.

याचा व्यवहारातील अर्थ सीमाभागात चांगला दिसतो. कोल्हापूर आणि बेळगाव ही शहरे एकमेकांपासून सुमारे ११० किलोमीटरवर आहेत आणि दोन्हीकडे ओतकाम व यंत्रभागांचे लहान कारखाने आहेत. कोल्हापूरच्या कारखानदाराचा अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातो, तर बेळगावच्या कारखानदाराचा चेन्नईकडे. अर्ज नाकारला गेल्यास पहिल्याला मुंबई उच्च न्यायालयात दाद मागता येईल. दुसऱ्याला, वरील तर्क लावल्यास, बेळगावहून धारवाड किंवा बंगळूरला नव्हे, तर मद्रास उच्च न्यायालयात जावे लागेल. त्याचा शोध पुण्यातील कार्यशाळेत लागला असेल किंवा व्यवसायाचे ठिकाण महाराष्ट्रात असेल, तर त्याला मुंबई कार्यालयाची निवड करता येते. पण ती अर्जाच्या पहिल्या दिवशीच करावी लागते.